घड्याळांच्या पाठीवरची अक्षरं

त्या रविवारी सकाळी बाबांनी मिनेकोला तिसऱ्यांदा विचारलं, आज कोणी येणार आहे का. मिनेकोने तिसऱ्यांदा, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, सांगितलं की रविवार आहे, इगाराशी काका येतील. मग काहीतरी गोड आणायला हवं, असं बाबा म्हणाले. बांबूच्या पानांत गुंडाळलेले तांदळाचे गोड उंडे तिने सकाळीच आणून ताटलीत झाकून ठेवले होते. तिने ती ताटली त्यांच्या नजरेला पडेल अशी सरकवली आणि भात लावायला गेली.

बाबांनी, म्हणजे होन्मा कोझो यांनी, सगळा जन्म रेल्वेगाडी चालवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक मासे धरायला लागले, कोणी भाज्या पिकवायला लागले. बाबा रेल्वेची जुनी घड्याळं जमवायला लागले. गाडी चालवताना समोरच्या खोबणीत बसवायचं, उतरताना खिशात टाकायचं ते घड्याळ: पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, आणि पाठीवर कोरलेलं साल नि विभागाचं नाव. आकिता, सेंदाई, मोजी, कुठलं कुठलं. पाठ कोरी असेल तर बाबा ते घड्याळ हातात धरायलाही तयार नसत. "हे घड्याळ नाही, नुसतं यंत्र आहे," म्हणत. सपाट खणांचं एक बुटकं कपाट त्यांनी मुद्दाम करून घेतलं होतं. खणात निळा लोकरी कपडा, त्यात घड्याळागणिक एक खळगा.

इगाराशी काकांचं स्टेशनजवळ, सहीऐवजी उमटवायचे नावाचे हातशिक्के कोरायचं दुकान होतं. त्यांना घड्याळांची गोडी लागली ती अक्षरांपायी. बाबा घड्याळ कानाला लावत, काका डोळ्याला. एकाच कारखान्यातल्या एकाच कारागिराने कोरलेली दोन घड्याळं ते नुसत्या फराट्यावरून ओळखत, आणि बाबांना ते कधीही पटत नसे.

"तू शिक्केवाला. तुला वेळेचं काय कळतंय?" बाबा म्हणत. "गिऱ्हाइकाला मंगळवार सांगतोस नि शनिवारी देतोस."

"आणि तू जन्मभर वेळेवर पोचलास. पोचून काय केलंस? तसाच माघारी निघालास."

हा संवाद मिनेकोने इतक्या रविवारी ऐकला होता की स्वयंपाकघरातून ती ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणू शकली असती. घड्याळांत मात्र तिने कधी लक्ष घातलं नाही. तिला सगळी सारखीच दिसत. ती नगर वाचनालयात कामाला होती, तिचा जीव पुस्तकांत. एवढं तिला माहीत होतं की खणातलं सगळ्यांत मोलाचं घड्याळ रेल्वेच्या बोटीवरचं आहे, होक्काइदो बेटाला जाणाऱ्या, फार पूर्वी बंद पडलेल्या बोटीवरचं. आणि हेही, की नागाओकाला जे घड्याळवाल्यांचं मंडळ भरतं त्याचे नियम कडक आहेत. घासायचं नाही, झिजलेली अक्षरं पुन्हा कोरायची नाहीत. झिजलं तर ते त्याचं वय. एका सदस्याने पुसट झालेलं साल गुपचूप कोरून घेतलं होतं. कळल्यापासून त्याच्याशी कोणी बोलत नाही, आणि त्याच्या बायकोलाही भाजीबाजारात तोंड चुकवून जावं लागतं म्हणे.

त्या रविवारी ती चहा घेऊन गेली तेव्हा बाबा न्हाणीघराकडे गेलेले होते. खण उघडा होता. काकांच्या हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं, आणि ती दारात असतानाच ते त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात गेलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"थंडी पडायला लागली, मिनेचान," काका म्हणाले, आणि त्याच हाताने कप उचलला.

ती हो म्हणाली. बाबांना माहीत असणारच, असं मनाशी म्हणत तिने ताटली ठेवली. काकांनी नेहमीपेक्षा एक उंडा जास्त खाल्ला आणि नेहमीपेक्षा लवकर उठले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून धार लावायच्या दगडाचा खसखस आवाज यायला लागला. हल्ली तो रोजच येई. तिने हाक मारून विचारलं, सुऱ्यांना धार लावताय का.

"उद्या तपासणी आहे," बाबा म्हणाले.

कसली, हे तिने विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि आंघोळीचं पाणी तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अंगणात पर्सिमनच्या झाडाखाली कोसळले. शेजारणीने पाहिलं. वाचनालयातून मिनेको पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, आजारी होते का. मिनेको प्रत्येकाला सांगे, नाही, शेवटपर्यंत ठणठणीत होते, डोकं तर अगदी तल्लख. तिने ते इतक्यांदा सांगितलं की सांगताना विचार करावा लागेनासा झाला.

बाबांची धाकटी बहीण, फुसाए आत्या, शिबाताहून राहायला आली. विस्तव फुंकला नाही तर आत्याला करमत नसे. अंत्यविधीच्या रात्री अंथरूण घालता घालता ती म्हणाली, "तो शिक्केवाला सगळ्यांत जास्त रडला. मी बघत होते. सख्खी बहीण मी, मला एवढं रडू आलं नाही. हा कोण लागून गेला?"

"मित्र होते गं, आत्या."

"असतील. पण स्मशानातून निघताना त्यानं तुला काय विचारलं? घड्याळांचं कपाट बंद आहे ना, हेच ना? अस्थी अजून गरम होत्या."

मिनेकोनेही ते ऐकलं होतं. तेव्हा वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो.

आठवड्याभराने देव्हाऱ्यात बाबांच्या तसबिरीपुढे एक घड्याळ ठेवावं म्हणून दोघींनी खण उघडला. बोटीवरचंच ठेवू, असं मिनेकोच्या मनात होतं. एक खळगा रिकामा निघाला. आणि बोटीवरच्या घड्याळाच्या खळग्यात जे होतं ते तिने उलटं केलं तर पाठ कोरी. एक अक्षर नाही. नुसता गुळगुळीत धातू, उजेडात धरला तर बारीक रेषा, सगळ्या एकाच बाजूला गेलेल्या.

आत्याने ते हातात घेतलं, परत ठेवलं, आणि हात पुसले. मग विचारलं, या कपाटाला कोणाकोणाचा हात लागतो.

"बाबांचा. आणि रविवारी इगाराशी काका."

"झालं तर. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

मिनेकोने रुमालाचं आत्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्या त्याच पावली स्टेशनकडे निघाली असती. पण तो रुमाल तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. मग एकेक जुना रविवार मागे जाऊन ती तपासायला लागली. काका कधी खणापाशी एकटे होते? बाबांना हाक मारून बाहेर कोणी नेलं होतं? "झाडाला फळं किती धरलीत बघ जा," असं काकाच नव्हते का म्हणाले एकदा? वाचनालयात पुस्तकांवर शिक्का मारतानाही तिच्या मनात पाल चुकचुकत राही. वीस-वीस वर्षं जो माणूस घरचाच होता, त्याचं हसणं, उठणं, चपला काढून नीट लावून ठेवणं, सगळंच आता तिला बेतलेलं वाटायला लागलं.

आत्या मधूनमधून तेल ओतत होतीच. मुळा चिरताना एकदा ती सुरी आपटत म्हणाली, "ही काय सुरी आहे? हिनं पाणीसुद्धा कापलं जाणार नाही."

"बाबा तर रोज धार लावायचे," मिनेको म्हणाली, आणि मग दोघी दुसऱ्याच विषयावर गेल्या.

रीतीप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी कबरीत ठेवून झाल्या, जेवणं झाली, पाहुणे पांगले. इगाराशी काका मागे राहिले. मिनेकोने हीच वेळ धरून ठेवली होती. तिने खण जसाच्या तसा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि कोऱ्या पाठीचं घड्याळ उचलून दिलं. हे बोटीवरचंच ना, म्हणून विचारलं. आपला आवाज चहा विचारल्यासारखा निघाला याचं तिचं तिलाच बरं वाटलं.

काकांनी घड्याळ घेतलं. अंगठा एकदा पाठीवरून फिरवला. आणि मग, ज्या माणसाने आजवर प्रत्येक घड्याळ आधी डोळ्याशी नेलं होतं, त्याने ते कानाला लावलं. बराच वेळ.

"हो," ते म्हणाले. "बोटीवरचंच."

"आणि पाठ?"

"पाठ... पहिल्यापासून अशीच होती."

पलीकडे आत्या खोकली.

काकांनी रिकाम्या खळग्याकडे पाहिलं नाही. ते न पाहणंही मिनेकोने टिपून घेतलं. मग ते जरा घाईने बोलायला लागले. सगळी घड्याळं काही दिवस आपल्याकडे द्यावीत, तेलपाणी करून परत आणून देतो. नागाओकाचे लोक बघायला येतो म्हणतील, त्यांना एवढ्यात येऊ देऊ नये. निदान आपल्याला विचारल्याशिवाय नको.

मिनेको म्हणाली, बघू.

ते गेल्यावर आत्याने दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. "गळाला लागला मासा. आता ओढ. नागाओकाला एक फोन कर. बाकी ते लोक बघून घेतील."

फोन नागाओकाहूनच आला, दोन दिवसांनी. मंडळाचे अध्यक्ष फार हळुवार बोलले. होन्मांची घड्याळं एकदा सगळ्यांनी मिळून पाहावीत, तीच त्यांना श्रद्धांजली, येत्या रविवारी चालेल का. मिनेको चालेल म्हणाली. आणखी एक वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते बोलली असती तर इगाराशी काकांना या जन्मात कोणी घड्याळ दाखवलं नसतं, आणि गावात शिक्का कोरायला टाकतानाही लोकांनी दोनदा विचार केला असता. तिने रिसीव्हर ठेवला. आधी त्यांच्या तोंडून ऐकायचं, मग बोलायचं, असं ठरवून तिने बोटीवरचं घड्याळ पिशवीत घातलं आणि आत्या झोपलेली असताना बाहेर पडली.

दुपार होती. पाऊस म्हणावा तर बर्फ, बर्फ म्हणावा तर पाऊस, असं काहीतरी पडत होतं. दुकानाची काच आतून धुरकटली होती. तरी दिव्याखाली वाकलेले काका दिसत होते. शिक्का कोरताना तो जखडून धरायचा लाकडी चिमटा त्यांच्यापुढे होता. चिमट्यात शिक्का नव्हता. घड्याळाची पाठ होती, आणि काकांच्या हातात कोरणी होती.

तिने दार सरकवलं. काकांनी तळवा चिमट्यावर ठेवला. लहान मुलं करतात तसं.

"हात काढा, काका."

त्यांनी काढला. साल कोरून झालं होतं. विभागाचं नाव अर्धं झालं होतं. शेजारी तोच रुमाल घडी करून ठेवलेला होता, आणि त्यावर त्या घड्याळाचं बाकीचं अंग.

"मंडळात कळलं तर?" तिने विचारलं.

"तर मला दारात उभं करणार नाहीत." काकांनी चष्मा काढला. "बरोबरच करतील. बस तू. ओली झालीस."

ती बसली नाही. तिने पिशवीतून बोटीवरचं घड्याळ काढून चिमट्याशेजारी ठेवलं आणि विचारलं, खरं कुठे आहे.

"हेच खरं आहे."

"काका, मी लहान नाही."

"हेच आहे, मिनेचान. त्या दिवशी तुझ्यासमोर म्हणूनच कानाला लावलं. पाठीवर वाचायला काही उरलं नव्हतं, पण हे जरा लंगडत चालतं, तुझ्या बापानं शंभरदा ऐकवलंय मला." त्यांनी ते दिव्याखाली तिरकं धरलं. "या रेषा बघ. सगळ्या एका दिशेच्या. हे कोणी बदललेलं नाही. घासलंय. दगडावर."

मिनेकोला आधी काही कळलं नाही. मग खसखस आवाज आठवला, आणि ती जवळच्या स्टुलावर बसली.

काकांनी सांगितलं ते सगळं एका सुरात, खाली बघत सांगितलं. वसंतात एका रविवारी बाबांनी त्यांना मोठ्या अभिमानाने एक घड्याळ दाखवलं. पाठ घासून सपाट केलेली. एखादा नवखा माणूस हौसेनं घासेल, पण कोझो? हे काय केलंस म्हणून काकांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, उद्या घड्याळांची तपासणी आहे, लख्ख नको? नोकरीत असताना तपासणीच्या आदल्या दिवशी चालक मंडळी घड्याळ चमकवून ठेवत, ते काकांना ठाऊक होतं. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी बाबांनी तेच घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. हे माझं नाही, म्हणाले. माझं कोणीतरी नेलं आणि हे कोरं ठेवलं.

"म्हणून तुम्ही कोरून दिलंत."

"ते नेऊन कोरून आणलं. दुसऱ्या रविवारी गुपचूप ठेवून दिलं. त्याला इतका आनंद झाला. मग आणखी एक घासलं त्यानं, मग आणखी एक. प्रत्येकात एका अक्षराचा एक बारीक फराटा मी मुद्दाम कोरायचा सोडलाय. पुढे कोणी खरं समजून फसायला नको. पण खोटं ते खोटंच. हे शेवटचं, त्या रविवारी नेलेलं. आणि बोटीवरचं त्यानं त्याच संध्याकाळी घासलं असणार. ते मला त्या दिवशी तुझ्या हातात पहिल्यांदा दिसलं."

"मला का नाही सांगितलंत?"

काका कोरणी पुसायला लागले. ती पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"तुम्ही सांगायला हवं होतं," मिनेको म्हणाली. आता तिच्या आवाजाला धार आली होती. "घरात मी होते. मी त्यांची मुलगी. आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत खिशात घालून नेत होतात. मी दीड महिना तुम्हाला चोर समजतेय."

"समज. चालेल."

"चालेल कसं? बाबांना कोणाचा संशय होता?"

त्यांनी कोरणी मेजावर ठेवली.

"काका. त्यांना वाटत होतं की कोणी नेलं?"

"घरात दुसरं होतंच कोण," इगाराशी काका म्हणाले.

बाहेर एक मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत दिव्याखालची कोरणी मेजावर बारीक हलत होती.

बाबा नेमकं काय म्हणाले, म्हणून मिनेकोने विचारलं. सोड ते, असं काका म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची वेळ त्यांनी आणली नाही.

"म्हणाला, पोरगी माझी घड्याळं एकेक करून नेतेय नि कोरी ठेवतेय. तू तिला काही बोलू नकोस. कशाला तरी लागली असतील. मागायला संकोच वाटला असेल, आमच्या घरात मागायची पद्धतच नाही." काकांनी नाक पुसलं. "आणि मी कोरून आणलेलं खळग्यात दिसलं की म्हणायचा, बघ, आणून ठेवलं तिनं. पोर चांगली आहे माझी. आता हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? आणि नागाओकाच्या लोकांना कोरी पाठ दिसली असती तर त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं असतं की होन्माचं डोकं गेलं होतं. त्याला ते मेल्यावरसुद्धा सोसवलं नसतं. म्हणून म्हटलं, आधी सगळी मला दे."

मिनेकोने बोटीवरचं घड्याळ उचललं. ते चालूच होतं. पिशवीत घालण्याआधी तिनेच किल्ली दिली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने ते कानाला लावलं. लंगडणं ऐकू येतं का, हे तिला कळेना. तिला नुसती टिकटिक ऐकू येत होती.

"तुला खरंच काही जाणवलं नव्हतं?" काकांनी विचारलं. विचारण्यात टोचणी नव्हती. "तू चहा घेऊन यायचीस ती इतकी शांत हसत. मी म्हणायचो, एकीला तरी माहीत नाही, बरंय."

"नाही. शेवटपर्यंत ठणठणी..." ती थांबली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग चहा टाकतो म्हणाले, आणि मागच्या खोलीत गेले. आत नळ सुटला, बंद झाला. कप काढल्याचा आवाज आला.

दुकानात ती एकटी होती. समोर अर्धं नाव कोरलेली पाठ, हातात कोरी पाठ. तिने हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि हात मांडीवर जुळवून, वडीलधाऱ्यांपुढे बसतात तशी ताठ बसली.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. आत कपांची हालचाल थांबली. "गेल्या हिवाळ्यापासून माहीत होतं. कामाला जाताना गॅस मी बाहेरून बंद करून जात होते. तुमच्या कोटाच्या अस्तरात घरचा पत्ता शिवला होता, तो मी शिवला होता. तुम्हाला लाज वाटेल म्हणून बोलत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. ते खोटं होतं. मलाच भीती वाटत होती. तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं, बाबा. माझी घड्याळं कुठे आहेत म्हणून विचारायला हवं होतं. मग मी सांगितलं असतं. मी नेली नाहीत, आणि मी कुठे जाणारही नाही, असं सांगितलं असतं."